तेरा नंबरचं भूत

बदलापूर गावातल्या जीपस्टँडवर त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं टपावर चढली होती, बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि सगळ्यांच्या मधोमध पाट मांडून बसला होता नटराज बाबा. त्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. गाडीचे नट मंत्राने बांधतो म्हणून नटराज. कपाळभर भस्म, आणि गळ्यात रुद्राक्षांच्या जोडीला दोऱ्यात ओवलेले वॉशर.

"कोनी बी या म्होरं," बाबा म्हणाला.

जीपवाला चांगो पुढे झाला. बाबाने त्याच्या हातात एक बोल्ट आणि एक साधा नट ठेवला. "फिरव." चांगोने बोटांनी फिरवला, तो सरसर तळापर्यंत गेला. मग बाबाने लाल फडक्यातून दुसरा, जरा तांबूस नट काढला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटला, फुंकर घातली आणि तो चांगोच्या तळहातावर ठेवला. "आता फिरव."

नट दोन आटे फिरला आणि अडला. चांगोने दात-ओठ खाल्ले, बोटं लाल झाली, पण नट जागचा हलेना.

"बांधला," बाबा शांतपणे म्हणाला. "आता मेलेला मिस्त्री काय, जिता यम आला तरी खोलनार नाय."

बायकांनी हात जोडले. दुसरा जीपवाला महिपती, त्याने तर टोपी काढून कपाळ टेकलं. त्याची धाकटी बहीण बकुळा मागे उभी राहून हे बघत होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, मेंटेनन्स खात्यात, ती एकटी बाई होती. दिवसभर वाफेच्या पायपांचे नट आवळायचे हेच तिचं काम, त्यामुळे नट बघितला की तिचा हात आपोआप पुढे जायचा.

प्रकरण असं होतं. वर्षापूर्वी, म्हणजे सत्त्याण्णव साली, महिपती, चांगो आणि आणखी तिघांनी टर्बोच्या जीपा घेतल्या. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्याच जोराने एक पंखा फिरतो, तो इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि गाडी चौदा माणसं घेऊन बारवीचा चढ हसत चढते. पण दर आठ-दहा दिवसांनी बॉनेटखालून फटफट आवाज यायचा. धूर गोळा करून बाहेर नेणारा बिडाचा जाड नळ, म्हणजे मॅनिफोल्ड, त्याचे नट ढिले पडलेले असायचे. आवळले की पुन्हा ढिले. दीड महिन्यापूर्वी तर सगळा धूर गाडीत शिरून एक म्हातारी बेशुद्ध पडली, तेव्हा लोक घाबरले आणि बाबाकडे गेले.

"नट कितीचा?" बाबाने विचारलं होतं.

"तेराचा," महिपती म्हणाला. म्हणजे तेरा नंबरच्या पान्याने खोलायचा.

बाबाने डोळे मोठे केले. "तेरा. मंग या रस्त्याला तेरावं कुनाचं राह्यलंय?"

आणि सगळ्यांच्या माना फाट्यावरच्या चहाच्या टपरीकडे वळल्या. ती सरूची टपरी. तिचा नवरा गोमा मिस्त्री दोन वर्षांपूर्वी त्याच फाट्यावर जॅक निसटून ट्रकखाली गेला. तेराव्या दिवशी जेवण घालायचं सोडून सरूने टपरी उघडली होती, कारण घरात दोन लहान पोरी होत्या. झालं. तेरावं झालं नाही म्हणून गोमा तेरा नंबरचा पाना घेऊन फिरतो आणि नट खोलतो, असं गावभर झालं. त्या दिवसापासून सरूच्या टपरीवर कोणी घोटभर चहा प्यालं नाही. तिच्या पोरींशी खेळू नका म्हणून घराघरांत ताकीद गेली.

"माझे बांधलेले नट महिनाभर टिकतील," बाबाने आज गर्दीला सांगितलं. "पन मूळ उपटलं पायजे. उद्या अमावास्या. सांजच्याला त्या बाईने फाटा सोडायचा. त्या जागी मठी बांधू, जागा शांत होईल."

गाव हो म्हणालं. बकुळाला राग आला, तो ह्या हो म्हणण्याचा जास्त आला. दोन पोरींची आई उद्या रस्त्यावर येणार होती, आणि तिला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. बकुळाने चांगोच्या हातून तो तांबूस नट मागून घेतला. उन्हात धरून पाहिला. वरचं तोंड किंचित दाबलेलं, लांबट होतं. तिने तो पिशवीत टाकला. दुपारी उल्हासनगरला गेली.

स्पेअर पार्टवाले परसो शेठ काउंटरवर पापड खात बसले होते. तिने नट पुढे केला.

"हा लॉकनट हाय, मॅनिफोल्डचा," शेठ म्हणाले. "तुमच्या तिकडचा एक महाराज परवाच पाच डझन घेऊन गेला. बोलला, पूजा को मंगता है. मी बोललो, साईं, पूजेत नट कोन लावतो?"

सोमवारी पहिली पाळी संपवून बकुळा फाट्यावर पोचली तेव्हा सगळा गाव जमला होता. सरूने भांडी चादरीत बांधली होती आणि दोन्ही पोरींना जवळ घेऊन ओट्यावर बसली होती. बाबा अगरबत्ती फिरवत होता.

"बाबा," बकुळा पुढे येत म्हणाली, "मलाही एक मंत्र येतो. म्हणू?"

बाबा हसला. "म्हन की."

तिने पिशवीतून उल्हासनगरहून आणलेला एक तांबूस नट काढला आणि डोळे मिटले. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस." फुंकर घातली आणि चांगोला दिला. चांगोने फिरवला. दोन आटे गेले आणि नट अडला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिसरीतल्या पोरांनी पुढचा पाढा आपण होऊन सुरू केला.

"आता तुमची पाळी," तिने एक साधा नट बाबाच्या हातावर ठेवला. "हा माझा. ह्याला बांधा."

बाबाने मंत्र म्हटला, दोनदा म्हटला, भस्म लावलं. चांगोने फिरवला, तर नट सरसर तळाशी.

"साध्या नटात शक्ती धरत नाय," बाबा पुटपुटला.

"शक्तीचं काही नाही, ह्याचं तोंड दाबलेलं नाही. लॉकनटाचं तोंड कारखान्यातच दाबतात, म्हणून तो बोल्टला चावून बसतो. उल्हासनगरला डझनाने मिळतो." तिने महिपतीकडे पाहिलं. "दादा, जीपला तेराचे नट आणखी कुठे आहेत?"

"बंपरला, शिटाला, बॅटरीच्या पट्टीला..."

"त्यातला कधी सुटला?"

"नाय."

"मग गोमाभावजींना बंपर दिसत नाही का? जिथे आग होते तिथलेच नट का सुटतात? आमच्याकडे वाफेच्या लाइनचेही सुटतात, तिथे कोणाचं तेरावं राहिलंय?"

महिपतीने मान खाली घातली. बकुळाने त्याच्या जीपचं बॉनेट उघडायला लावलं. सकाळपासून उभी असल्याने गाडी गार होती. टर्बोमुळे मॅनिफोल्डचा हा नळ लालबुंद होतो, फुगतो, गार झाला की आकसतो. रोज हे चालल्यावर नटाची पकड सुटते आणि हादरे उरलेलं काम करतात, असं तिने समजावलं. मग एक नट खोलून खालचा स्प्रिंग वॉशर दाखवला. तो चपटा पडला होता. आपल्याकडे नट सुटला की स्प्रिंग टाकायची रीतच आहे, पण एवढ्या उष्णतेत स्प्रिंगचा ताठा मरतो. शिवाय सगळेजण खेप संपल्यावर, तापलेल्या इंजिनावरच नट आवळायचे, आणि नळ गार होऊन आकसला की ते ढिले पडायचे.

ती आवळू लागली. स्प्रिंग काढून टाकले, आटे घासून साफ केले, नवे लॉकनट, गार इंजिन, मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही कडांकडे. "एक खेप मारून या, गाडी पुरती गार होऊ द्या, मग पुन्हा एकदा तपासू. आणि हे नट खोलले की परत वापरायचे नाहीत, नवे घ्यायचे." हे चालू असताना बाबाने पाट काखेत मारला होता. मुहूर्त टळला, असं काहीसं म्हणत तो रिक्षाकडे चालू लागला. त्याला कोणी अडवलं नाही.

पाच-सहा जण ओट्याकडे वळले. चांगो म्हणाला, "वहिनी, चा टाकाल का?"

सरू उठली नाही. "दीड महिना झाला," ती म्हणाली. "माझा मानूस जिता होता तवा तुमच्या गाड्यांचे नट आवळायचा. मेल्यावर खोलंल कशाला, येवढं एकाला बी वाटलं नाय? माझ्या पोरी रोज इचारायच्या, आपल्याशी कोन का खेळत नाय. मी काय सांगू त्यांना?"

महिपती खाली बसला आणि चादरीची गाठ सोडू लागला. गाठ घट्ट होती, दोन्ही हात लावावे लागले. पातेली बाहेर काढून त्याने ती एकेक करून चुलीजवळ ठेवली.

त्या पाच जीपांचे नट पुढे टिकले. दर सर्व्हिसला गार इंजिनावर तपासले म्हणून टिकले, मंत्राने नाही. पण बकुळाला विचारलंत तर ती नटांचं फार काही सांगत नाही. नट ढिला पडला तर पाना आहे, ती म्हणते. एका बाईला गावातून उठवायला मात्र नुसतं बोट दाखवलं तरी पुरतं, आणि बोट दाखवण्याआधी एक प्रश्न विचारायला कोणाचंच काही जात नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर चमत्कार केला, तर नमस्कार करायच्या आधी एवढंच म्हणा: हाच खेळ आता माझ्या नटावर करून दाखवा.