उबेचं टोक

शेजारचं म्हातारं जोडपं कोळशाच्या धुराने झोपेतच गेलं, तेव्हा माक्रे म्हातारीच्या मुलाने खाणीवरून फोन केला. "आई, जमिनीखालची आग आता बंद. गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्या. कशा, ते तू ठरव."

"तू ठरव" म्हटल्यावर म्हातारी अशी फुगली, की सुनेला दारातून आत यायला जागा उरली नाही.

घर दोन खोल्यांचं. चूल खाली स्वयंपाकघरात, आणि तिची धग जमिनीखालून फिरून पलीकडच्या धुराड्याने बाहेर जायची. त्यामुळे म्हातारीच्या खोलीचं चुलीकडचं टोक तव्यासारखं तापे, दाराकडचं गारठलेलं राही. उबेचं टोक घरातल्या वडीलधाऱ्याचं, असा त्या डोंगराळ मुलखाचा रिवाज. माक्रे तिथे इतकी वर्षं ठाण मांडून होती, की जमिनीवर डकवलेला तेल पाजलेला कागद तिच्या बुडाच्या मापाने तपकिरी झाला होता.

सून योंगिम तेव्हा त्याच खोलीत दाराकडे निजे, कारण पलीकडच्या खोलीत ऊब पोचतच नसे. तिची मुलगी हेरान जन्मली ती ऐन हिवाळ्यात. ओल्या बाळंतिणीने काकुळतीने म्हटलं होतं, "आई, थोडे दिवस मला तिकडे निजू द्या." तिकडे सासूच्या अंथरुणाशेजारी वर्षभराच्या कालवणासाठी उकडून कुटलेल्या सोयाबीनचे ठोकळे गवतात गुंडाळून आंबवायला ठेवले होते.

"ठोकळे बिघडले तर वर्षाची चव गेली," माक्रे म्हणाली. "आणि तू आणलंस काय, तर पोरगी! मुलगा आण, मग सरकवीन ठोकळे."

मुलगा आला नाही. गारठा मात्र योंगिमच्या मनगटांत शिरला तो कायमचा. कपडे पिळताना ती दातांतून श्वास ओढी, तेव्हा म्हातारी म्हणे, "आम्ही बाळंत होऊन भात कांडला, बाई. हल्लीची हाडं काकडीची."

मिस्तरी आला. जमीन उकरायच्या आधी म्हणाला, "आजी, एकच नळी दोन्ही खोल्यांतून फिरवली तर सगळीकडे सारखी ऊब. नाहीतर खोलीगणिक नळी वेगळी, तोटी वेगळी."

"सारखी? म्हणजे सासू नि सून एकाच तव्यावर? माझी वेगळी टाक. माझ्या उबेतला शिंतोडाही तिकडे जाता कामा नये. आणि पहिला वेढा माझ्या अंथरुणाखाली घाल."

"तोट्या तुमच्या खोलीत बसवतो मग."

"माझ्या खोलीत कशाला ती पितळेची थोबाडं? स्वयंपाकघरात बसव. सून आल्यापासून मी ती पायरी उतरले नाही. विचार गावाला!"

योंगिम कोपऱ्यात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "दादा, आईंची तोटी कुठली?"

"लाल मुठीची."

"नीट ध्यानात ठेव," माक्रे म्हणाली.

"नाही विसरायची, आई."

मुलगा रजेवर आला, तेव्हा जमीन पाय ठेववेना अशी तापली होती. म्हातारीने शेजारणींना बोलावून दाखवलं, "ही माझी वेगळी नळी हं! सुनेचा संबंध नाही." मुलगा खाणीवर परतला आणि दुसऱ्या दिवशी तीच जमीन मेलेल्या माशाच्या पोटासारखी गार पडली.

"अगं ए! ते पाणी तापवायचं यंत्र मेलं का?"

"नाही आई, चांगलं चालू आहे." आणि भिंतीपलीकडे हेरान अनवाणी नाचत होती. तिच्या टाचा ऐकू येत होत्या.

शेजारणींना सांगायची सोय नव्हती, वेगळ्या नळीचा डांगोरा तिनेच पिटला होता. मुलगा नव्या वर्षाला आला, तर जमीन पुन्हा ऊन. तिने गाऱ्हाणं घातलं, तेव्हा तो घाम पुसत हसला, "आई, तुला आता चुलीत बसवलं तरी थंडी वाजेल!" योंगिमने त्याच्या ताटात मुळ्याचं लोणचं वाढलं. वर पाहिलं नाही.

तो गेला, आणि पाणी रांजणात गोठायला लागलं. माक्रेचे गुडघे लाकूड झाले. शेवटी भिंत धरत ती स्वयंपाकघराची पायरी उतरली. ओट्याखाली वाकून पाहिलं. लाल मुठीच्या तोटीची मूठच नव्हती, नुसता खुंट होता. बोटांनी पिळून पाहिला, हलला नाही.

"अगबाई, आई! तुम्ही आणि स्वयंपाकघरात?" योंगिम मागे उभी होती. मूठ तिच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात. "लोक काय म्हणतील? चला वर."

"सोड की गं पाणी." जन्मात पहिल्यांदा तिच्या आवाजात पाणी आलं. "नाहीतर तुझ्या खोलीत तरी निजू दे."

"निजा ना. नाही कोण म्हणतंय?"

योंगिमने स्वतःच्या खोलीचं दार सरकवलं. गरम वाफ तोंडावर आली. पलीकडच्या उबेत हेरान पसरली होती आणि तिच्याशेजारी, गवतात गुंडाळलेले, सोयाबीनचे ठोकळे.

"तुम्ही इथे पडा, दाराशी," योंगिम म्हणाली, आणि दुखऱ्या मनगटांनी तिचं अंथरूण उंबऱ्यालगत पसरलं. "ठोकळे सरकवता येत नाहीत, आई. वर्षाची चव जाईल."