चुलीजवळची मानाची जागा

घरमालक सुयुनबेक आकेंना दुरुस्तीची आठवण करून द्यायला वर्षातला कुठलाच महिना सोयीचा नसे. थंडीत धुराड्याचं नाव काढलं की म्हणत, "जळत्या चुलीला कोण हात लावतं गं? उन्हाळ्यात बघू." उन्हाळ्यात काढलं की म्हणत, "या उकाड्यात तुला चूल सुचते तरी कशी?" वेळ मारून नेण्यात हा माणूस असा तरबेज की बुरुलला धड भांडताही येईना. त्यात ते तिच्या वडिलांच्या वयाचे. नवरा मॉस्कोत बांधकामावर, पदरात तीन वर्षांची मीरिम, आणि बिश्केकच्या ऐन थंडीत लेकुरवाळीला खोली देतो कोण? आकेंच्या अंगणातल्या त्या एका खोलीत ती जीव मुठीत धरून राहत होती.

भीती धुराची नव्हती. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो. भीती त्या दुसऱ्या वायूची, ज्याला ना रंग ना वास. मागच्याच हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीतलं अख्खं कुटुंब त्याने झोपेतच नेलं होतं. धुराड्यातून विटांचे तुकडे चुलीत पडू लागले तेव्हापासून बुरुल सकाळी जड डोक्यानेच उठे, आणि त्या दिवशी मीरिम उठल्याउठल्या ओकली. त्यात खिडकी उघडायची सोय नव्हती. थंडीच्या तोंडावर सगळ्यांप्रमाणे बुरुलनेही साबणात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी प्रत्येक फट चिकटवून टाकली होती. आपल्याच हातांनी आपण खोलीला झाकण लावलं, हे तिला रोज आठवे.

त्या दुपारी तिने आकेंना गाठलंच. "आके, पोरगी आजारी पडलीय. आता तरी धुराडं बघा."

"पोरं ओकतातच. तुला चूल पेटवता येत नाही, हे खरं दुखणं आहे. चल, मी बसून दाखवतो. चहा ठेव."

आके दारात कधी घुटमळत नसत. सरळ आत आले आणि दारासमोरच्या भिंतीला टेकून, चुलीजवळच्या मानाच्या जागी, गादीवर ऐसपैस बसले. मीरिम कोपऱ्यात झोपली होती. बुरुलने जेवणाची चादर अंथरून नान, लोणी आणि बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, मांडले. आकेंनी चुलीत कोळसा घातला, आणि तो नीट पेटायच्या आतच धुराड्याची झडप जवळजवळ पूर्ण लावून टाकली.

"आके, झडप—"

"ऊब बाहेर घालवायला कोळसा काय फुकट येतो? आमच्या आईने याच चुलीवर सात पोरं वाढवली."

तिची नजर दाराकडे गेली. पाहुणा बसलेला असताना दार उघडं टाकून त्याच्या पाठीला वारा लावायचा म्हणजे त्याला हाकलण्यासारखंच. आणि वडीलधाऱ्याने हात पसरून दुवा दिल्याशिवाय जेवणावरून उठायचं नाही, हे तर तिच्या हाडात भिनलेलं. ती चहा ओतत राहिली. आके सैन्यातल्या दिवसांची गोष्ट सांगत होते. बुरुलच्या कपाळावर ठोके पडू लागले. भीतीने असेल, असं तिने स्वतःला बजावलं. मीरिमचे गाल लाल दिसत होते. उबेने असतील.

आकेंची गोष्ट पुन्हा त्याच जागी आली. मग तिसऱ्यांदा आली.

"बघ," ते जड जिभेने म्हणाले, "झालं का काही?" त्यांनी दुवा द्यायला तळहात पुढे पसरले. बुरुलनेही पसरले. शब्द आलेच नाहीत. आकेंचे हात तसेच अधांतरी राहिले, डोळे चादरीवर खिळलेले, ओठ नुसतेच हलत होते.

बुरुल भिंतीला धरून उठली. चुलीजवळची सळई कशीबशी हाती आली. खिडकीवर पहिला घाव बसला तो चौकटीवर, दुसऱ्याने काच फुटली. मीरिमला रजईसकट उचलून ती दारातून बाहेर पडली, बर्फात बसली आणि पोरीच्या गालांवर चापट्या मारू लागली. पोरगी रडेना. बुरुल तिला हलवत राहिली, नाव घेत राहिली, आणि कधीतरी मीरिमने चिडून भोकाड पसरलं. तेव्हा कुठे तिला आकेंची आठवण झाली. ती परत गेली आणि त्यांना बखोटीला धरून फरपटत उंबऱ्याबाहेर आणलं.

आकेंची बायको झूरा धावत आली. नवरा बर्फात ओणवा होऊन ओकत होता. "काय खायला घातलंस गं यांना?" तिने विचारलं.

"लोणी जुनं होतं," आके मान खाली घालून पुटपुटले.

बुरुलला वाटलं, लाज वाटत असेल. उद्या गवंडी येईल. त्या आशेवर तिने पोरीला घेऊन शेजारणीकडे रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी खरंच दुरुस्ती झाली. आके स्वतः काच घेऊन आले. बाहेर उभं राहून त्यांनी ती चौकटीत बसवली, कडेच्या फटींत लांबी भरली आणि अंगठ्याने दाबून दाबून गुळगुळीत केली. इतकं मन लावून काम करताना बुरुलने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"झालं. आता वाऱ्याची झुळूकही आत यायची नाही," ते म्हणाले. "चूल पेटव खुशाल."

"पेटवलीच आहे, आके," बुरुल म्हणाली. चूल थंडगार होती. "आत या. चहा तयार आहे."

आके उंबऱ्यापर्यंत आले. त्यांची नजर मानाच्या जागेवर गेली, मग चुलीवर. "घाईत आहे गं."

"मग नान तरी मोडा. दारातून तसंच कसं जाल?"

दारात पुढे केलेल्या नानला नाही म्हणता येत नाही. तिने नान घेतला आणि मुद्दाम खोलीच्या मध्यावरच उभी राहिली. आकेंनी चौकट घट्ट धरली, बूट उंबऱ्याबाहेर ठेवूनच कमरेतून वाकले आणि हात लांब करून तुकडा मोडला. तोंडात टाकताना त्यांनी श्वास रोखलेला होता.

त्यांना माहीत होतं. कालपासून माहीत होतं, आणि तरी त्यांनी काच बसवून तिला चूल पेटवायला सांगितलं होतं.

पावलं अंगणापलीकडे गेल्यावर बुरुलने दार सताड उघडं ठेवलं, गाठोडं बांधलं आणि मीरिमच्या पायांत बूट चढवले. जायचं कुठे, हे तिला अजूनही सुचलं नव्हतं.