टोपलीतलं पनीर

फळीवर वेताच्या चोवीस टोपल्या होत्या. एकोणीस भरलेल्या, पाच रिकाम्या. सगळ्या माथेरानच्या गाडीने नेरळला परत आल्या होत्या. भरलेली टोपली परत येण्याची गौराबाईच्या धंद्यातली ही पहिलीच वेळ.

रिकाम्या टोपल्यांतलं पनीर माथेरानच्या हॉटेलातल्या अकरा पाहुण्यांनी खाल्लं आणि तीन तासांत अकराही जण ओकू लागले. दुसऱ्या दिवशी सगळे हिंडू-फिरू लागले, पण मॅनेजरने निरोप धाडला: दोष सापडून दूर होईपर्यंत माल नको.

नमुने न्यायला कर्जतच्या सरकारी दवाखान्यातून येसाजी नावाचा तरुण आला. त्याने गौराबाईला समोर पनीर करायला लावलं. तिने दूध उकळलं, कोमट झाल्यावर त्यात करडाच्या खारवलेल्या पोटाचं पाणी विरजणासारखं घातलं आणि थिजलेलं दूध उकळत्या पाण्यातून काढलेल्या टोपल्यांत ओतलं. येसाजीला कुठे खोट दिसेना. शेवटी गौराबाई ओळीने प्रत्येक टोपलीतलं पनीर उजव्या तर्जनीने दाबत गेली. हा धंदा तिला एका म्हाताऱ्या पारशीणबाईने शिकवला होता. पनीर कितपत जमलं ते बोटालाच कळतं, असं ती बाई सांगायची. त्या बोटाचं नख सुजून पिवळं झालं होतं.

येसाजीने विचारल्यावर ती म्हणाली, "नखुरडं हाय रं. जातंय नि येतंय."

औषध काय लावता, या प्रश्नावर सून जया गालात हसली. "म्हशीचं. कासेच्या सुजेवर सडात घालायची मलमाची नळी उरली का आत्याबाईंच्या बोटाला. म्हस नि सासू एकाच डाक्टरची."

"फेकून देऊ का मग?" गौराबाई म्हणाली. "चांगलं पेन्सिलीन हाय. ठणका थांबला का मी पुसून टाकते, बाकीचं फुडल्या खेपेला."

येसाजीने बोटाचा पू आणि परत आलेल्या पनीराचा तुकडा नेला. दोन्हींत एकच जंतू निघाला. बोट बरं होईस्तोवर पनीराला हात लावू नका, सुनेला दाबू द्या, असं त्याने बजावलं. जयाने दोनदा करून पाहिलं. एकदा पनीर पाणी सोडून फुटलं, एकदा रबरासारखं झालं. मॅनेजर दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढे मुंबईहून माल आणणार होता.

गौराबाई स्वतःच कर्जतला गेली. "नळीतलं वरवर लागत असंल. सुई टोचा पेन्सिलीनची. आठ दिसांत बोट कामाला लागंल."

त्याआधी बघावं लागेल, असं म्हणत येसाजीने काचेची बशी उजेडात धरली. तिच्या बोटातले जंतू त्याने बशीभर वाढवले होते आणि मधोमध पेनिसिलिनची कागदी चकती ठेवली होती. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ कडं उमटतं, पण अर्धवट औषधातून वाचलेले जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे त्याने तिला समजावून सांगितलं.

"हाय का कडं?"

येसाजीने बशीला मोजपट्टी लावली. कड्याची रुंदी शून्य मिलिमीटर होती.