हवेला घातलेल्या चुण्या

गॅरेजवाल्याला सगळे पक्कड म्हणत. एकदा धरलं की तो सोडत नसे, मग तो गंजलेला नट असो की चुकीची समजूत.

सध्या त्याने धरला होता थोरल्या बहिणीचा दमा. ताई शिवणकामात पटाईत. खाणीपलीकडच्या प्रशिक्षण केंद्रात तिला शिकवायची नोकरी लागली होती. जन्मभर लोकांची मापं घेतल्यावर आता कुठे तिला कुणी 'बाई' म्हणणार होतं. पण वाटेत खडी फोडायचा क्रशर होता. तिथली धूळ गाडीत शिरली की ताईची छाती भरून यायची. पहिल्या खेपेला ती अर्ध्या रस्त्यातून परत आली. सोमवारी हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

खिडक्या बंद करून, हवा आतल्या आत फिरवून पाहिली. पण गाडी जुनी, दारांच्या फटींतून धूळ न विचारता यायची. मग पक्कडने ठरवलं, की आतला फिल्टर आहे तो असू दे, समोरच्या काचेखाली जिथून गाडी बाहेरची हवा ओढते तिथे आणखी एक बसवायचा. बसवला. तोही जाड स्पंजाचा, तीन थरांचा. थोडक्यात भागवणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

शनिवारी दोघं निघाली. पंखा नुसता घरघरत राहिला, हवा फुंकरीएवढी, काचेवर वाफ धरली. क्रशर आला तशी फटींतून धूळ आत. ताईने तोंडाला रुमाल लावला आणि गप्प झाली. ताई गप्प झाली की पाणी डोक्यावरून गेलं समजायचं. त्याने गाडी वळवली.

गॅरेजात स्टुलावर बसून तिने दम खाल्ला. "राहू दे रे," ती म्हणाली. "दैव देतं आणि कर्म नेतं, त्यातलं झालं."

भाऊ असून उपयोग काय, असं पक्कडला वाटलं आणि त्याचा राग त्याने स्पंजावर काढला. तो उपटून फेकला, मग आतला जुना फिल्टरही ओढून काढला. तो ताईच्या हाती लागला.

"याला चुण्या कुणी घातल्या?"

"कारखान्यात घालतात. तसाच येतो तो."

"पण का?"

इतके फिल्टर बदलले, पण हे पक्कडने कधी विचारलं नव्हतं.

"अरे, झग्याचा घेर कमरेच्या एवढ्याशा पट्टीत कसा मावतो? चुण्यांनीच ना? कापड एकपदरीच, पण भरपूर. तू हवेला गोधडी पांघरलीस, मग ती येणार कुठून?"

पक्कडच्या डोक्यात उजेड पडला. हवा भरपूर आली तर गाडी आतून भरलेली राहील, आणि फटींतून धूळ शिरायच्या ऐवजी हवाच बाहेर पडेल. रविवारी त्याने फिल्टरचं पातळ कापड आणलं, ताईने त्याला बारीक चुण्या घातल्या, सुईची भोकं डिंकाने बुजवली. त्याने चौकट बनवून कडेने रबराची पट्टी लावली, ती स्पंजाच्या जागी बसवली आणि आतला फिल्टरही परत घातला. चौकट वाकडी आहे यावरून भांडण झालं. ती वाकडीच होती.

सोमवारी गाडी निघाली. पंख्याची हवा चांगली तोंडावर येत होती. ताईने सुरुवात केली ती त्याच्या शर्टाच्या तुटलेल्या बटणापासून. तिथून ती त्याच्या अवेळी जेवणावर गेली आणि मग लग्नावर. समोर खडीचा ट्रक, दोन्हीकडे पांढरी धूळ. त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट. ताईचं चालूच होतं: शेजारणीची भाची हुशार आहे, पण याला कोण विचारणार.

बऱ्याच वेळाने ती थांबली. पक्कडने चटकन तिच्याकडे पाहिलं.

"काय रे, क्रशर अजून आला कसा नाही?"

"मागे गेला, ताई."

तिने वळून मागच्या काचेतून पाहिलं. मग छाती भरून एक श्वास घेतला, सावकाश सोडला, आणि पुन्हा एक घेतला. तिचे डोळे भरून आले.

"मग गाडी मुंगीसारखी काय चालवतोयस?" ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी बाईंना उशीर व्हायला नको."