मायच्या टेकडीवरची ट्रायल

राळेगावच्या घनश्यामला त्या जीपमध्ये सत्तेचाळीस हजार सुटणार होते. बँकेच्या लिलावात ती एक लाख पंधराला पडली, रंगरंगोटी आणि जाडजूड टायर यांत अठरा गेले, आणि विकायची होती एक ऐंशीला, फोर बाय फोर म्हणून. ती फोर बाय फोर होती फक्त दांडीपुरती. आतली छोटी दांडी ओढली की 'कट' असा आवाज यायचा, पण पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट आधीच्या मालकानं केव्हाच काढून विकला होता. तो बसवायला एकतीस हजार. मग सुटणार सोळा. सोळा हजारांसाठी जुन्या गाड्यांत हात काळे करायचे, त्यापेक्षा माणसानं किराणा टाकावा, असं घनश्यामचं मत होतं.

गिऱ्हाईक होते रामराव. नाल्यापलीकडे त्यांचं काळं वावर. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टरही रुतायचा आणि निंदणाच्या बाया अर्ध्या वाटेतून परतायच्या. चारही चाकांनी ओढणारी गाडी मिळाली नाही, तर यंदाही पीक तणात जाणार. गाठीला एक ऐंशीच्या वर रुपया नव्हता, आणि मागत होते एक पासष्टला. यवतमाळला दोन गाड्या पाहून आले होते. एक खालून गंजलेली, दुसरीचा मालक कागद दाखवायला लाजत होता.

घनश्यामचा धंद्यातला एक नेम होता. गाडी अड्ड्यावर विकायची नाही, गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभी करायची, तीही शुक्रवारी सकाळी. भावाचं मागाहून पाहू, आधी डोळ्याखालून तर घाला, एवढंच म्हणायचं. दारात गाडी आली की घरची बाई कुंकू घेऊन निघतेच, आणि ओवाळलेली गाडी परत धाडायला कोणाची जीभ उचलत नाही. मग भाव घनश्यामचा.

झालंही तसंच. रामरावांच्या विजयमालाबाई ताट घेऊन आल्या, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. शेजारणी जमल्या. रामरावांचा चेहरा उतरला. भावाआधी कुंकू लागलं म्हणजे काय, हे त्यांनाही कळत होतं. घनश्यामनं मनातल्या मनात सत्तेचाळीस हजार मोजून खिशात घातले.

तोवर विजयमालाबाई मागे चढून बसल्या होत्या आणि शेजारणींना हात देऊन वर घेत होत्या.

"चाल, घनश्याम."

"कुठं, काकू?"

"मायपाशी. बैल आनला तरी पयले मायच्या पाया पाडतो आमी. तुयी गाडी काय बैलाहून मोठी हाय?"

माय म्हणजे गावची देवी, तिचं देऊळ टेकडीवर. वाट नाल्यातून, पुढे मुरमाचा उभा चढ. घनश्याम म्हणाला, भाव ठरला की जाऊ.

"मायपाशी जाले भाव कायले लागते रे?"

बाया हसल्या. आता नाही म्हणणं म्हणजे खोट आपल्याच तोंडानं सांगणं.

नाला कोरडा होता, निघाला. चढाच्या मध्यावर मागची चाकं मुरूम उधळत जागच्या जागी फिरू लागली, आणि पुढची दोन लग्नातल्या व्याह्यासारखी नुसती उभी. घनश्यामनं दांडी ओढली. कट. पुन्हा ओढली. कट. बाया उतरून पदर झटकत बाजूला झाल्या, आणि गाडी घसरत घसरत नाल्याच्या रेतीत जाऊन बसली.

"मायनं परत धाडली वं," शेजारच्या सत्यभामाबाई म्हणाल्या. सहजच म्हणाल्या.

पण ते वाक्य बाजाराच्या दिवशी घनश्यामच्या आधी राळेगावात पोचलं. दोन जणांनी त्यालाच ऐकवलं. आता तालुक्यात ही गाडी कोणी फुकटही दारात उभी करणार नव्हतं, आणि दूरच्या जिल्ह्यात नेली तर भंगाराच्या भावात जाणार.

रामराव मात्र शांत होते.

"ओवाळलेली गाडी मी परत करत नसतो. पन मायपर्यंत चढली पाहिजे. चढली का एक पासष्ट मोजतो. नाही चढली तर तुयी तुले."

घनश्यामनं एक रात्र आकडेमोड केली आणि शाफ्ट बसवला. पुढल्या शुक्रवारी जीप बायांसकट वर गेली. मायपुढं उभं करून विजयमालाबाईंनी त्याला दानपेटीकडे बोट दाखवलं. मायनं चूक पोटात घातली म्हणून दोनशे एक टाक, म्हणाल्या. त्यानं टाकले.

हिशेब असा: रामरावांनी दिले एक लाख पासष्ट हजार. घनश्यामचे गेले लिलाव, रंग, टायर आणि शाफ्ट मिळून एक लाख चौसष्ट. नाल्यातून ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे आठशे. पेटीत दोनशे एक. सगळा व्यवहार घनश्यामला एका रुपयाला पडला.