वाढतं माप

सुट्टीच्या सहलीत आधी पार्क की आधी जहाज, यावर घरात आठवडाभर खडाजंगी झाली. मुंगीचा बाबा म्हणत होता, आधी पार्कात पायांचे तुकडे पडेस्तोवर पळू आणि मग चार दिवस जहाजावर लोळू. आईचं म्हणणं, दमून गेलेल्या माणसाला समुद्र दिसत नाही, नुसती उशी दिसते. आत्यानं दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती शिवणाच्या दुकानाला सात दिवस कुलूप लावणार होती, तिला तेवढंच पुरे होतं. शेवटी निकाल दिला आठ वर्षांच्या मुंगीनं.

"सगळ्यात भारी गोष्ट शेवटी. आधी जहाज!"

भारी गोष्ट म्हणजे पार्कातला सर्वात मोठा रोलर कोस्टर. एकशेवीस सेंटिमीटर उंची नसेल तर त्यात पाऊल टाकू देत नसत. आणि मुंगी होती वर्गातली सगळ्यात बुटकी, म्हणून तर घरात तिचं नाव मुंगी. बुकिंगआधी बाबानं आत्याला विचारलं. शाळेचे गणवेश शिवण्यात आत्याची हयात गेलेली, तिच्या मापावर शंका घेण्याची कोणाची टाप नव्हती. तिनं भाचीला दाराला टेकवलं, टेप लावली आणि सांगून टाकलं, "भरली एकशेवीस. बिनधास्त काढ तिकिटं." पहिल्या डब्यात आत्या आणि मुंगीच शेजारी बसणार, हेही तेव्हाच ठरलं.

जहाज सगळ्यांना मानवलं. घरी पाच मिनिटं स्वस्थ न बसणारा बाबा डेकवरच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून असा झोपला की त्याचा एकच गाल भाजून निघाला. आई एका पुस्तकाच्या त्याच पानावर तीन दिवस होती आणि कमालीची सुखात होती. मुंगी पोहण्याच्या तलावातून ताटावर आणि ताटावरून तलावात. आत्याचे हात मात्र रिकामेपणानं शिवशिवत होते. तिसऱ्या दिवशी मुलांच्या वेशभूषा स्पर्धेची पाटी दिसली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मुंगीची जलपरी करायची ठरली. आत्यानं डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं.

एकशे एकोणीस.

तिनं पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही तेच. आणि मग आत्याला उमगलं. मूल वाढणार, आईबाप दरवर्षी नवा गणवेश शिवणार नाहीत, म्हणून लहान मुलाच्या मापात बोटभर वाढ धरायची, हे तिच्या हाताला आता सांगावं लागत नसे. दाराशीही हातानं गुपचूप बोटभर धरलं होतं, आणि तिनं ते तसंच सांगून टाकलं होतं. अख्खी सहल त्या एका बोटावर उभी होती.

आता सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"आत्या, पहिल्या डब्यात तू घाबरलीस ना, तर माझा हात धर," मुंगी म्हणाली. "मी लहान आहे, पण पकड घट्ट आहे माझी."

आत्यानं तोंड मिटलं. भित्री कुठली, तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या.

एक आशा होती. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा किंचित उंच भरतो, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं. रात्रभर आडवं पडलं की पाठ मोकळी होते. मग काय, जहाज बंदराला लागलं त्या सकाळी आत्यानं मुंगीला उभंच राहू दिलं नाही. न्याहारी बिछान्यात. जिन्यावरून बाबाच्या खांद्यावर आडवी. टॅक्सीत तिघांच्या मांड्यांवर आडवी, पाय खिडकीशी.

"ताई, हे काय चाललंय?" बाबानं विचारलं.

"दिवसभर चालायचंय तिला. पाठ दुखेल पोरीची."

"पाठ माझी दुखतेय," बाबा म्हणाला. मुंगीला मात्र वाटलं, आपण महाराणी आहोत. ती आडव्या आडव्या सगळ्यांना हुकूम सोडत होती.

पार्काचं फाटक उघडलं आणि माणसांचा लोंढा आत सुटला. बाबा मुंगीला कवेत घेऊन धावला, मागून आई पिशव्यांसकट, तिच्यामागे देवाचा धावा करत आत्या. रोलर कोस्टरपाशी उंचीचा खांब होता आणि त्याच्याशी एक गणवेशातली मुलगी. मुंगी उतरली, खांबाला पाठ लावली, मान ताणली. मुलीनं आडवी पट्टी डोक्यावर टेकवली, वाकून पाहिलं.

"अर्धा सेंटिमीटर कमी पडतोय गं. पुढच्या वर्षी नक्की ये."

मुंगी रडली नाही. तिनं आपल्या पावलांकडे पाहिलं. "आत्यानं मापलं तेव्हा मी बरोबर होते," ती हळूच म्हणाली. "मग मी कमी कशी झाले? मी दूधपण पीत होते रोज."

बाबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, बेटा. तू अजून वाढली नाहीस, त्यात काय एवढं!"

गप्प राहिलं असतं तर कोणाला कधीच कळलं नसतं. आत्या रांगेतून पुढे झाली.

"ती वाढलीय," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला, मागची रांगही ऐकू लागली. "तिचं काहीएक चुकलेलं नाही. माप मी चुकवलं. बोटभर जास्त सांगितलं, आणि मला हे जहाजावरच कळलं होतं. धीर झाला नाही माझा."

आईच्या हातातली पिशवी खाली आली.

"म्हणजे मी बरोबर आहे?" मुंगीनं विचारलं.

"अगदी बरोबर आहेस. जेवढी असायला हवीस तेवढी आहेस."

"तू खोटं सांगितलंस मला."

"हो."

आता मात्र मुंगीचा बांध फुटला. तिनं आत्याच्या पोटावर दोन बुक्के मारले, चांगले सणसणीत. मग ज्या आत्याचा राग आला होता तिच्याच कुशीत तोंड खुपसून ती धाय मोकलून रडली. मागची रांग बाजूने वळून पुढे गेली. बाबा म्हणाला, "ताई, तू तरी बसून ये, मी सांभाळतो हिला." आत्यानं नकारार्थी मान हलवली. तिला हलता येत नव्हतं, कारण मुंगीनं तिचं मनगट पकडलं होतं, आणि पकड खरंच घट्ट होती.