सासूबाईंची विळी

रुचिराच्या मरोळच्या घरात बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला आणि तासाभरात विमलाबाईंच्या पलंगाखाली पाणी आलं. लाद्या उखडल्या, भिंत फुगली. दुरुस्ती होईपर्यंत सासूबाईंना ठेवायचं कुठे? गोरेगावची धाकटी जाऊ श्वेता रिक्षा घेऊनच हजर झाली. तिची ही तत्परता रुचिराला तेव्हाच खटकली.

चौदा वर्षं विमलाबाई रुचिराकडे होत्या. भांडून, कुरकुरून, पण तिच्याकडेच. आता रोज फोनवर श्वेताचं कौतुक. श्वेता चहा अंथरुणात आणून देते, श्वेता गुडघ्यांना तेल लावते. इकडे सिमेंटची धूळ पुसून रुचिराचे हात सोलले होते. तिचा नुसता जळफळाट झाला.

"सीताराम, दोन दिवसांत आटपा सगळं," ती गवंड्यावर खेकसली.

"नाय होणार वहिनी. बाथरूममध्ये तीन दिवस पाणी भरून ठेवायचं. गळलं नाय तरच लाद्या. घाई केलीत तर परत वाट लागेल."

म्हणजे आणखी तीन दिवस श्वेताचे. रुचिरा उठता-बसता त्या साठलेल्या पाण्याकडे रागाने बघायची.

पाणी गळलं नाही. लाद्या बसल्या त्याच सकाळी सासूबाईंचा फोन आला. "अगो, माझी विळी घेवन ये. ही श्वेता सुरयेन बांगडे कापता!"

सासूबाईंनी स्वतःच्या लग्नानंतर गावाहून आणलेली ती विळी. विमलाबाईंनी रुचिराला कधी तिच्यावर बसू दिलं नव्हतं. विळी मागवली म्हणजे म्हातारी तिकडेच राहणार. तिने विळी पेपरात गुंडाळली आणि डोळे पुसत रिक्षात बसली.

गोरेगावला विमलाबाईंनी विळी मांडली आणि तिच्यावर चक्क श्वेताला बसवलं. "अशी धर. बोटा सांभाळ." रुचिराला ते बघवेना.

"लाद्या बसल्या, आई," ती कशीबशी म्हणाली. "येताय?"

विमलाबाईंनी दारामागून पिशवी काढली. भरलेलीच होती.

रिक्षा मरोळच्या वाटेला लागली. रुचिरा न राहवून म्हणाली, "आणि विळी?"

"तिका दिलंय. म्हणान मी सुटलंय गो! नायतर ती माका सोडीत नाय व्हती."

रुचिराला हसू फुटलं. तिने सासूबाईंची पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली, घट्ट धरली. मरोळच्या सिग्नलपर्यंत ती खूश होती.

मग म्हणाली, "पण मला नाही ना कधी शिकवलंत."